तुकोबांचा सेतू : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन आणि संवादाचा प्रश्न

१

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ओळख दोन स्वतंत्र कप्प्यांत विभागली गेली आहे. वाङ्मयेतिहासकारांच्या दृष्टीने ते फुलामुलांचे कवी, केशवसुतांचे समकालीन आणि बालकवींचे मार्गदर्शक होत. मराठी ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने ते भजनकार, अभंगकार आणि धर्मगुरू होत. पाठ्यपुस्तकांतून 'केवढे हे क्रौर्य!' वाचलेल्या विद्यार्थ्याला चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या टिळकांचा परिचय नसतो. चर्चमध्ये त्यांची पदे गाणाऱ्याला अनेकदा त्यांच्या निसर्गकवितेची खबर नसते. ज्या कवीने आयुष्यभर दोन समाजांत बोलणे चालू राहावे म्हणून धडपड केली, त्याच्याच वाट्याला अशी विभागणी यावी, हा केवळ योगायोग नव्हे. टिळकांनी जे साधले ते कोठपर्यंत पोचले आणि कोठे अडले, याचीच ती खूण आहे.

टिळकांचे चरित्र बहुधा धर्मांतराची कथा म्हणून सांगितले जाते. एक विद्वान ब्राह्मण हिंदू धर्माच्या तीरावरून ख्रिस्ती धर्माच्या तीरावर गेला, असा या कथेचा साचा असतो. सांगणाऱ्याच्या भूमिकेनुसार तो विजय ठरतो किंवा पतन. स्वतः टिळक मात्र या प्रवासाविषयी बोलताना वेगळी प्रतिमा वापरीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. या प्रतिमेत दडलेला अर्थ महत्त्वाचा आहे. नावेने नदी ओलांडणारा पलीकडे गेला की नाव सोडून देतो. पूल मात्र ओलांडणाऱ्यामागेही उभा असतो आणि त्यावरून परत येता येते. दोन्हीकडच्यांना जाता-येता येते. टिळकांच्या आयुष्याचा उत्तरार्ध हा पूल दोन्ही बाजूंनी वापरात ठेवण्याच्या प्रयत्नाचा आहे. त्यांना ही समज पुस्तकांतून आली नाही. घरात, पत्नीच्या दुःखापुढे, ती त्यांना फार मोठी किंमत देऊन मिळाली, आणि त्या किमतीचा मोठा भाग त्यांनी नव्हे, तर लक्ष्मीबाईंनी चुकता केला. टिळकांच्या जीवनाकडे या अंगाने पाहिले असता त्यांच्या काव्याची आणि कार्याची संगती अधिक स्पष्ट होते.

२

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव अतिशय तापट होता. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. बालपणीचा काही काळ कल्याण-भिवंडी परिसरात गेला. आईच्या मृत्यूनंतर घराशी असलेला नारायणाचा धागा तुटल्यासारखा झाला आणि कोवळ्या वयातच त्याने घर सोडून नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृत अध्ययनाची संधी मिळाली. थोडे इंग्रजी शिक्षणही झाले. परंतु ते पूर्ण झाले नाही. संस्कृत काव्यशास्त्राचा संस्कार आणि पाठांतराचे बळ ही नाशिकची देणगी त्यांना जन्मभर पुरली.

१८८० च्या सुमारास त्यांचा विवाह जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी झाला. तिचा जन्म १८६८ चा. म्हणजे विवाहसमयी ती अकरा-बारा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. पुढे 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून मराठी वाचकांच्या मनात अढळ स्थान मिळविणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच. माहेरी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक आणि सासरी सासऱ्यांचा कोप यांच्यामध्ये त्यांचे बालपण संपले.

टिळकांचा पुढचा दशकभराचा काळ भटकंतीचा होता. शिक्षकी, पुराण-कीर्तन, छोट्यामोठ्या नोकऱ्या अशी साधने त्यांनी धरली आणि सोडली. संसार कधी मांडला जाई, कधी मोडला जाई. या अस्थिरतेला आर्थिक कारणे होती तशीच वैचारिकही होती. नागपूरला असताना आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत धर्मग्रंथांच्या अभ्यासाची संधी मिळाली. धार्मिक चर्चेला वाहिलेले 'ऋषि' हे मासिकही त्यांनी चालविले. या अभ्यासातून ते काही निष्कर्षांपर्यंत आले होते. ईश्वर एक आहे, माणसे मूलतः समान आहेत आणि जातिभेद हा देशाच्या ऱ्हासाचे कारण आहे, अशी त्यांची धारणा झाली होती. अशी धारणा बाळगणारे ते एकटे नव्हते. प्रार्थनासमाज १८६७ मध्ये आणि सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला होता. टिळकांचे वेगळेपण असे की, त्यांना केवळ सुधारणेचा कार्यक्रम नको होता. ज्याच्यावर जीव टाकावा असा गुरू त्यांना हवा होता. भक्तीच्या संस्कारात वाढलेल्या मनाची ही भूक होती.

३

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. गृहस्थ सौजन्यशील होते. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर गेले. निरोप घेताना त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि हा ग्रंथ वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. प्रसंग नाट्यमय असल्यामुळे चरित्रकारांनी त्यावर भर दिला आहे. तथापि, त्यातील मर्म भाकितात नसून भेटीच्या स्वरूपात आहे. एका परक्या माणसाने एका मराठी पंडिताशी बरोबरीच्या नात्याने काव्याविषयी संभाषण केले. वादाच्या भूमिकेतून हे पुस्तक हाती पडते, तर ते कदाचित खंडनासाठी वाचले गेले असते. ते मैत्रीच्या हाताने आले म्हणून डोंगरावरील प्रवचनापर्यंत टिळक वाचत गेले आणि तेथे थांबले.

त्यानंतरच्या काळात त्यांनी ख्रिस्ती विद्वानांशी पत्रव्यवहार केला आणि मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. भाकितातील दोन वर्षांची मुदत जवळपास संपत आली होती.

या निर्णयाचा सामाजिक अर्थ समजण्यासाठी काळ लक्षात घ्यावा लागतो. बाबा पद्मनजी यांनी १८५४ मध्ये आणि पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही महाराष्ट्रातील उच्चवर्णीय समाज ढवळून निघाला होता. धर्मांतर करणारा कुटुंबाच्या लेखी मृत ठरे. त्याच्या हातचे पाणी चालत नसे, पंक्तीत त्याला जागा नसे. त्याची पत्नी सधवा असूनही विधवेसारखी होई आणि विधवेला मिळणारी सहानुभूतीही तिला मिळत नसे. टिळकांनी स्वतःपुरता निर्णय घेतला, हे खरे. परंतु त्या समाजरचनेत कोणताही पुरुष असा निर्णय केवळ स्वतःपुरता घेऊ शकत नव्हता.

४

टिळकांच्या धर्मांतराच्या निर्णयात लक्ष्मीबाईंचा वाटा नव्हता. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली ती घडून गेलेल्या गोष्टीची. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीसही नव्हते. पदरी लहानगा दत्तू होता. काही अपत्ये आधीच दगावली होती. पुढील चार-साडेचार वर्षे त्यांनी बहिणीच्या व इतर आप्तांच्या आधाराने, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी काढली. या काळातील त्यांची मनःस्थिती 'स्मृतिचित्रे'तून मराठी वाचकांना परिचित आहे. देहभान हरपण्याइतका शोक, लोकांच्या जिज्ञासेचा जाच आणि त्यातूनही डोके वर काढणारी विनोदबुद्धी यांचे असे मिश्रण मराठी आत्मचरित्रात क्वचितच आढळते.

येथे टिळकांच्या वर्तनाचे मूल्यमापन टाळता येत नाही. ज्या ख्रिस्ताच्या प्रेमधर्माने ते ओढले गेले, त्याच्या स्वीकाराची पहिली झळ त्यांच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीला बसली. विश्वासाचा पूल बांधणाऱ्याने नात्याचा पूल पाडला, असा आक्षेप घेता येतो आणि त्यात तथ्य आहे. टिळकांच्या बाजूने इतकेच म्हणता येते की, पाडलेला पूल त्यांनी तसाच सोडून दिला नाही. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीय व्यक्तीला, जोडीदाराने सहवास नाकारल्यास, न्यायालयात जाऊन विवाह रद्द करून घेण्याची आणि पुन्हा विवाह करण्याची मुभा होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी पत्रव्यवहार चालू ठेवला, भेटीगाठींचे प्रयत्न केले आणि वाट पाहिली. तिकडे लक्ष्मीबाईंनीही नाते मेले असे मानले नाही. नवऱ्याचा धर्म त्यांना मान्य नव्हता. पण नवरा त्यांचा होता. धर्म आणि नाते यांची ही फारकत त्या काळाच्या समाजनियमांना मंजूर नव्हती. ती एका फारसे शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने स्वतःच्या बळावर केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अखेर त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) टिळकांकडे राहावयास गेल्या. मात्र ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल आणि वेगळे पाणी यांसह त्या गेल्या. एकाच घरात दोन धर्म आणि दोन स्वयंपाक नांदू लागले. टिळकांनी ही व्यवस्था मान्य केली. तापट आणि उतावळ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने या एका बाबतीत धीर धरला. पत्नीला धर्मोपदेश करून वळविण्याचा मार्ग बाजूस ठेवून त्यांनी तिला तिच्या गतीने विचार करू दिला.

पुढे घडले ते तर्काने किंवा दडपणाने घडलेले नाही. जात ईश्वराने केली की माणसाने, या साध्या प्रश्नाचा उलगडा लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच झाला. भेद माणसाने केला असेल तर तो पाळण्याचे कारण उरत नाही, असे मनाशी ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. सोवळे गेले ते आधी. बाप्तिस्मा झाला तो नंतर, १९०० मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत माणसांमधील भिंत पडणे ही श्रद्धेच्या बदलाची परिणती नव्हती. तीच त्या बदलाची पूर्वअट होती. टिळक ग्रंथातून माणसांकडे आले, लक्ष्मीबाई माणसांतून श्रद्धेकडे गेल्या. उत्तरायुष्यात टिळकांच्या विचारात जे परिवर्तन दिसते, त्यामागे या दुसऱ्या वाटेच्या दर्शनाचा संस्कार असला पाहिजे.

५

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे केंद्र होते. तेथील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि इतर दलित जातींतून आलेला होता. टिळकांच्या सेतुबांधणीचा विचार करताना ही वस्तुस्थिती अनेकदा विसरली जाते. टिळकांना केवळ हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यातील अंतर कापावयाचे नव्हते. ब्राह्मण धर्मांतरित आणि दलित धर्मांतरित, मिशनरी साहेब आणि देशी उपदेशक यांच्यातील अंतरेही समोर होती. एका धर्मात आल्याने ती आपोआप मिटत नव्हती.

टिळकांनी तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता. तथापि, मिशनच्या कारभाराविषयी ते गप्प बसत नसत. परदेशी पैशावर आणि परदेशी नेतृत्वावर उभी असलेली मंडळी या देशात परकीच राहील, अशी त्यांची तक्रार होती. ख्रिस्ती होणे म्हणजे देश सोडणे नव्हे, हे त्यांनी आपल्या देशभक्तिपर कवितांतून पुनःपुन्हा सांगितले. हिंदू वाचकांना ख्रिस्ती माणसाच्या देशनिष्ठेविषयी शंका होती आणि काही मिशनऱ्यांना देशी ख्रिस्त्याच्या राष्ट्रप्रेमाविषयी. त्यामुळे ही कविता एकाच वेळी दोन्ही पक्षांना उद्देशून होती. दोन्हीकडून संशय पत्करणे हे पुलावर उभे राहणाऱ्याचे भागधेय असते, आणि टिळकांना त्याचा पुरेपूर अनुभव आला.

याच काळात टिळकांचे घर हे एक स्वतंत्र सामाजिक केंद्र बनले. दुष्काळ आणि प्लेग यांनी पोरके केलेली मुले, गरजू विद्यार्थी, कवी, प्रवासी अशांचा तेथे राबता असे. लक्ष्मीबाईंच्या संसारात कधी किती माणसे जेवावयास असतील याचा नेम नसे. धर्म, जात आणि ऐपत यांची चौकशी न करता चालणारे हे घर टिळकांच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक बोलके होते. ते चालविण्याचे कष्ट मात्र लक्ष्मीबाईंचे होते.

या घराचे सर्वांत संस्मरणीय नाते म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी, यांच्याशी जडलेले. १९०७ मध्ये जळगावला डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. तेथे सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांचा बालकवी म्हणून गौरव झाला. टिळक त्या संमेलनास उपस्थित होते. पुढे बालकवी काही काळ अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलाप्रमाणे वागविले. हिंदू तरुण कवी ख्रिस्ती धर्मगुरूच्या घरी राहतो, यावरून तर्ककुतर्क होणे स्वाभाविक होते. वस्तुतः बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरातून त्यांना मिळाली ती काव्यदृष्टीची जोपासना आणि माया. १८९५ चे टिळक आणि १९०७ नंतरचे टिळक यांच्यातील अंतर मोजावयाचे झाल्यास हा एक निकष पुरेसा आहे. आपल्याला लाभलेले सत्य दुसऱ्यालाही लाभावे ही तळमळ मावळली नव्हती. पण त्या तळमळीपायी दुसऱ्याचे माणूसपण दुय्यम ठरू नये, हे भान आता पक्के झाले होते. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. टिळक दांपत्याला तो पुत्रशोकासारखा वाटला.

६

माणसामाणसांतील नात्यांनी टिळकांना जे शिकविले, ते त्यांच्या धार्मिक काव्यात रूपाला आले. त्यांच्यापूर्वीची मराठी ख्रिस्ती गीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. मराठी शब्द परक्या लयीत बसविल्याने ते ओढूनताणून आल्यासारखे वाटत. अपवाद होते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ओवीचे मराठी वळण समर्थपणे आत्मसात केले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तनाची प्रथाही सुरू झाली होती. परंतु सामान्य उपासनेत देशी छंदाला प्रतिष्ठा नव्हती.

टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि भजन यांना उपासनेच्या मध्यभागी आणले. हा केवळ वेषांतराचा प्रकार नव्हता. छंद हा आशयाचा पोशाख नसतो; तो अनुभवाची जातकुळी ठरवितो. अभंगात बोलावयाचे म्हटले की भक्ताला देवाशी भांडता येते, हट्ट करता येतो, विरहाने व्याकूळ होता येते. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, गुरुमाउली म्हटले. पाश्चात्त्य धर्मशास्त्रात रुळलेल्या वाचकाला हे संबोधन अनपेक्षित होते. विठोबाला माउली म्हणणाऱ्या मराठी मनाला मात्र त्यात काहीच नवखे नव्हते. एका शब्दाने दोन्ही बाजूंना आपापल्या परंपरेचा पुन्हा विचार करावयास लावले. ख्रिस्ती वाचकाला ईश्वराच्या वात्सल्याची नवी ओळख झाली. हिंदू वाचकाला ख्रिस्त हा राज्यकर्त्यांचा देव नसून संतांच्या पंक्तीत बसू शकणारा गुरू आहे, असे वाटू लागले.

गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या दृष्टीनेही या बदलाला अर्थ होता. टाळ, मृदंग आणि भजन ही त्या लोकांची पूर्वापार मिळकत होती. धर्मांतराबरोबर ती टाकून द्यावी लागणे ही एक प्रकारची सांस्कृतिक हानीच होती. चोखामेळ्याच्या परंपरेतून आलेल्या समाजाला टिळकांच्या अभंगांनी स्वतःची वाणी परत दिली. हे करणारा कवी ब्राह्मण होता आणि त्याची भाषा काही वेळा पंडिती वळणाची होती, हेही नमूद करावयास हवे. टिळकांनी संतपरंपरेतून जे निवडले ते मुख्यतः भक्तीचे माधुर्य. चोखोबांच्या अभंगांतील उपेक्षेची कडवट वेदना त्यांच्या काव्यात तितक्या तीव्रतेने उतरली नाही. सेतूच्या या मर्यादेकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही.

१९०९ च्या सुमारास त्यांनी 'ख्रिस्तायन' या महाकाव्याची योजना आखली. ख्रिस्ताचे चरित्र मराठी आख्यानपरंपरेत गुंफण्याचा हा संकल्प होता. त्यांच्या हयातीत दहाएक अध्यायच पूर्ण होऊ शकले. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकाचा पूर्वेतिहास खंडनमंडनाचा होता. लोकहितवादी, फुले यांच्या काळापासून मराठी नियतकालिकांत जो धर्मविषयक वाद रंगला, त्यात 'ज्ञानोदय' हा एक लढाऊ पक्ष होता. टिळकांच्या कारकिर्दीत त्यात काव्य, निबंध आणि समाजचिंतन यांना अधिक वाव मिळाला आणि दुसऱ्याला हरविण्यापेक्षा आपली अनुभूती मांडण्यावर भर आला.

७

आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी सर्वांत धाडसी पाऊल उचलले. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा आणि सेवेचा त्याग करून ते सातारला गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा ख्रिस्ताच्या सर्व अनुयायांचा हा बंधुसंघ असावा, अशी त्याची कल्पना होती. माणसाला त्याच्या कुटुंबातून आणि समाजातून उपटून न काढताही ख्रिस्ताची भक्ती करता यावी, हा त्यामागील विचार होता.

या कल्पनेचा उगम १८९५ च्या अनुभवात शोधणे अस्थानी ठरणार नाही. श्रद्धेची किंमत म्हणून घर मोडावे लागते, हे टिळकांनी स्वतः भोगले होते आणि दुसऱ्याला भोगावयास लावले होते. वेगळ्या चुलीसह एका घरात राहणाऱ्या पत्नीचा काळही त्यांनी पाहिला होता. बाप्तिस्म्यापूर्वीच जातीची भिंत ओलांडणारी लक्ष्मीबाई ही एका अर्थाने दरबाराची पहिली सभासद होती. ज्या सोशिकपणाने दोन श्रद्धा एका छपराखाली नांदल्या, तोच दरबाराच्या रूपाने समाजापुढे मांडण्याचा हा प्रयत्न होता.

प्रयत्नाला दोन्ही बाजूंनी विरोध झाला. बाप्तिस्म्याला गौण स्थान देणारी संघटना अनेक मिशनऱ्यांना धर्मशास्त्रदृष्ट्या संशयास्पद वाटली. धर्मांतर न करता ख्रिस्ताचे अनुयायी व्हा, हे आवाहन अनेक हिंदूंना धर्मप्रसाराचे नवे आडमार्गी रूप वाटले. या दुसऱ्या शंकेला सहज झटकून टाकता येत नाही. टिळकांना ख्रिस्त सर्वांनी स्वीकारावा असे वाटत होते, आणि त्यांनी ते कधीही लपविले नाही. त्यांचा संवाद तटस्थ नव्हता. परंतु संवादासाठी तटस्थ असावेच लागते, असेही नाही. स्वतःची निष्ठा झाकून ठेवणाऱ्याशी होणारा संवाद वरवरचा राहतो. निष्ठा उघड ठेवून समोरच्याच्या निष्ठेला जागा करून देणे अधिक कठीण असते. टिळक या कठीण वाटेने जात होते.

त्यांना फार वेळ मिळाला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्न होते. दरबाराला दोन वर्षेही धड लाभली नव्हती. संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावर उभी असलेली ती संघटना त्याच्यामागे टिकली नाही.

८

संस्था टिकली नाही. जे नात्यांत आणि भाषेत रुजले ते टिकले. ज्या वर्षी टिळक गेले, त्याच १९१९ मध्ये निकोल मॅक्निकल यांचा मराठी संतकवींच्या रचनांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. टिळकांना ख्रिस्ती धर्मात येताना ज्यांचे साहाय्य झाले ते डॉ. जस्टिन अ‍ॅबट पुढे १९३२ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत एकनाथ, तुकाराम, महिपती यांच्या वाङ्मयाच्या इंग्रजी अनुवादात गढून गेले. टिळक ज्या पुलावरून एका बाजूने आले, त्याच पुलावरून हे विद्वान उलट दिशेने संतवाङ्मयाकडे निघाले होते. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात देशी आश्रमजीवनाचा जो आदर्श स्वीकारला गेला, त्यामागे टिळकांच्या विचारांची प्रेरणा होती.

परंतु टिळकांचा खरा वारसा लक्ष्मीबाईंनी चालविला. पतीच्या चरित्राला साधन व्हावे म्हणून मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहावरून त्यांनी आठवणी सांगावयास सुरुवात केली आणि त्यातून १९३४ पासून भागाभागाने 'स्मृतिचित्रे' प्रकट झाली. टिळकांच्या दोषांवर पांघरूण न घालता, त्यांच्या मोठेपणाला धक्का न लावता त्यांनी हे लेखन केले. मराठी वाचकाने ते पुस्तक ख्रिस्ती बाईचे आत्मचरित्र म्हणून बाजूस ठेवले नाही. ते आपल्याच घरातील म्हणून वाचले. टिळकांच्या देशभक्तिपर कवितांना आणि दरबाराच्या कल्पनेला जे पूर्णपणे साधले नाही, ते या साध्या, बोलक्या गद्याने साधले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण करण्याचे कामही लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले आणि चौसष्ट अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. काव्य त्यानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या श्रद्धेने एकेकाळी त्यांचा संसार उधळला होता, त्याच श्रद्धेचे महाकाव्य त्यांच्या हातून पुरे व्हावे, ही घटना टिळक-चरित्राचा अर्थ कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगते.

मराठी वाङ्मयात श्रद्धांमधील संवादाची परंपरा जुनी आहे. एकनाथांनी हिंदु-तुर्क संवादाचे भारूड रचले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. 'क्रिस्तपुराण'कार स्टीफन्स यांनी मराठीची महती गायिली. टिळक या परंपरेतील आधुनिक काळाचे कवी आहेत. त्यांच्या पूर्वसूरींहून त्यांचे वेगळेपण असे की, त्यांच्या बाबतीत हा संवाद ग्रंथात होण्याआधी घरात झाला, आणि तेथे तो प्रथम फसला. फसलेला संवाद पुन्हा सुरू करण्यासाठी लागणारा धीर त्यांनी शिकून घेतला. तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून त्यांना ख्रिस्तापर्यंत जाता आले. पण माणसांकडे परत येण्याची वाट त्यांना लक्ष्मीबाईंनी दाखविली. टिळकांच्या काव्याचा अभ्यास करताना निसर्गकवी आणि अभंगकार अशी विभागणी सोडून या परतीच्या वाटेचा मागोवा घेतला, तर त्यांच्या समग्र साहित्याचे एकसंध वाचन शक्य होईल.